आधी माणसे, मग आराखडा : राज्याच्या मुख्य सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : विकासप्रकल्पांतील जनसहभाग आणि त्यासाठी नेमल्या जाणाऱ्या समाजशास्त्रज्ञाचे स्थान

महोदय,

धरण, महामार्ग, औद्योगिक वसाहत, बंदर किंवा वस्तीचे पुनर्वसन यांपैकी कोणताही मोठा प्रकल्प महाराष्ट्रात हाती घेतला जातो, तेव्हा त्याच्या कागदपत्रांत भूगर्भ, जलविज्ञान, स्थापत्य आणि वित्त यांच्या अहवालांबरोबर सामाजिक परिणामांचे एक प्रकरणही बहुधा जोडलेले असते. ते लिहिणारी व्यक्ती अनेकदा समाजशास्त्राची किंवा समाजकार्याची पदव्युत्तर पदवीधर असते, सल्लागार संस्थेत ‘सामाजिक तज्ज्ञ’ म्हणून कंत्राटावर काम करते आणि बाधित गावांतील लोकांशी प्रकल्पाबद्दल घरोघरी जाऊन बोलण्याचे कामही तिच्याच वाट्याला येते. या व्यक्तीला कोण नेमते, कोणत्या टप्प्यावर नेमते आणि तिचा अहवाल अखेर कोणाच्या हाती पडतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर जनसहभागाचे खरेखोटेपण ठरते, असे या पत्राचे प्रतिपादन आहे. आणि ही उत्तरे बदलण्याचा अधिकार बऱ्याच अंशी राज्याच्या प्रशासनाकडे असल्यामुळे हे पत्र त्याच्या प्रमुखांना उद्देशून लिहिले आहे.

येथे जनसहभाग म्हणजे ज्या निर्णयाचे परिणाम लोकांना भोगावे लागणार आहेत, तो निर्णय घडवण्यात त्या लोकांचा असलेला वाटा. आणि समुदाय विकास सल्लागार म्हणजे हा वाटा प्रत्यक्षात यावा म्हणून गावाचा किंवा वस्तीचा अभ्यास करणारा, बैठका घडवून आणणारा आणि लोकांचे म्हणणे निर्णयकर्त्यांपर्यंत पोहोचवणारा अभ्यासक. आपल्या विद्यापीठांतून समाजशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणांपुढे महाविद्यालयीन अध्यापनाची वाट अरुंद होत असताना हा व्यवसाय अनेकांना उपजीविका देतो. मात्र तो कोणत्या अटींवर करावा लागतो, याची चर्चा विद्यापीठांतही फारशी होत नाही आणि मंत्रालयातही होत नाही.

या व्यवसायाचे मूळ परके नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि पुढे नगररचनेचे सल्लागार होते. १९१४ मध्ये भारतात आल्यापासून त्यांनी संस्थानिकांसाठी व नगरपालिकांसाठी अनेक शहरांचे अहवाल लिहिले, आणि त्या सर्व लेखनामागे एकच सूत्र होते, ते म्हणजे आराखडा काढण्याआधी सर्वेक्षण झाले पाहिजे. शहरातील माणसे कोठे राहतात, कोणते काम करतात, पाणी कोठून आणतात आणि कोणत्या जागेशी त्यांच्या सणावारांचे व देवस्थानांचे नाते आहे, हे पायी फिरून जाणून घेतल्याशिवाय नकाशावर रेघ ओढू नये, असा त्यांचा आग्रह होता. दाट वस्तीत रुंद सरळ रस्ता काढण्यासाठी घरांच्या रांगाच्या रांगा पाडण्याऐवजी मोजकी मोडकळीस आलेली घरे काढून, लहान मोकळ्या जागा निर्माण करून वस्ती सुधारावी, या त्यांच्या पद्धतीला नगररचनेच्या इतिहासात संरक्षक शस्त्रक्रिया म्हणून ओळखले जाते. म्हणजेच महाराष्ट्रात समाजशास्त्राच्या विद्यापीठीय अध्यापनाचा आरंभ करणारी व्यक्ती सल्लागारच होती, आणि सल्लागाराने आराखड्याच्या आधी आले पाहिजे हा धडाही तेव्हाच दिला गेला होता.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ प्रकल्पांद्वारे समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. शेती, आरोग्य, शिक्षण, रस्ते आणि ग्रामोद्योग यांची एकत्रित प्रगती गावकऱ्यांच्या पुढाकाराने व्हावी, सरकारने फक्त तंत्रज्ञान आणि काही निधी पुरवावा, अशी त्यामागची कल्पना होती, आणि गावपातळीवर हे काम ग्रामसेवकाकडे सोपवले गेले. श्यामाचरण दुबे यांनी उत्तर प्रदेशातील अशा एका विकासगटाचा अभ्यास करून १९५८ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कार्यक्रमाचे लाभ मुख्यतः गावातील सधन आणि वजनदार घरांकडे गेले, श्रमदानाने बांधलेल्या रस्त्यांसाठी घाम गाळला गरिबांनी आणि त्यांचा उपयोग अधिक झाला तो बैलगाडी व माल असलेल्यांना, असे दिसून आले. आधीच्याच वर्षी बळवंतराय मेहता समितीने लोकांनी निवडलेल्या संस्थांकडे अधिकार दिल्याशिवाय लोकांचा पुढाकार उभा राहणार नाही, असा निष्कर्ष काढला होता, आणि महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जिल्हा परिषदा व पंचायत समित्या याच विचारातून आल्या. लोकांना काम करायला बोलावणे आणि लोकांना ठरवायला बोलावणे यांतला फरक त्यामुळे आपल्या प्रशासनाला गेली सहा दशके ठाऊक आहे.

तरीही ज्या क्षेत्रात हा फरक सर्वांत महत्त्वाचा होता, त्या धरणांच्या क्षेत्रात समाजशास्त्रज्ञाला उशिराच बोलावले गेले. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांचे जे सर्वेक्षण केले, ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तोपर्यंत धरणाचा शिवसागर जलाशय भरून काही वर्षे लोटली होती. सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील या कुटुंबांपैकी कोणी सह्याद्री उतरून कोकणात गेली होती, कोणी सांगली व सोलापूरकडील कोरडवाहू प्रदेशात वसवली गेली होती. आणि नव्या ठिकाणी जमीन, पाणी, गुरचराई, सोयरीक आणि शेजार यांची घडी बसते आहे की नाही, हा प्रश्न अभ्यासकांना त्या वेळी विचारावा लागला, जेव्हा त्याच्या उत्तराने जागेची निवड बदलण्याची शक्यता उरलेली नव्हती. आपल्याकडील विस्थापनाच्या अभ्यासांत या सर्वेक्षणाचे स्थान मोठे आहे, परंतु त्याच्या कालक्रमातच पुढच्या सर्व प्रकल्पांसाठी इशारा होता.

या अनुभवांतून आणि धरणग्रस्तांच्या चळवळींतून महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. अशा प्रकारचा कायदा करण्यात हे राज्य देशात अग्रेसर ठरले, याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्यांनी घेतली, आणि ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही चळवळीची घोषणा तत्त्व म्हणून सरकारी भाषेतही रुळली. मात्र कोयनेच्या विस्थापितांची आंदोलने एकविसाव्या शतकातही चालू राहिली, आणि हे वास्तव सांगते की कायद्याचे शब्द व जमिनीचा ताबा यांच्या मध्ये जे काम असते, ते करणारी यंत्रणा अजून पुरेशी उभी राहिलेली नाही.

याच काळात जागतिक पातळीवर एका समाजशास्त्रज्ञाच्या कारकिर्दीने या कामाला शास्त्रीय चौकट मिळवून दिली. रुमानियात जन्मलेले मायकेल सर्निया १९७४ मध्ये जागतिक बँकेत रुजू झाले. अर्थतज्ज्ञ आणि अभियंते यांच्या त्या संस्थेतील ते पहिले समाजशास्त्रज्ञ मानले जातात, आणि त्यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये बँकेने सक्तीच्या विस्थापनाविषयी धोरण स्वीकारले. त्यांनी मांडलेल्या प्रतिमानात विस्थापनातून दारिद्र्याकडे नेणाऱ्या आठ जोखमी सांगितल्या आहेत : जमीन जाणे, रोजगार जाणे, घर जाणे, समाजातील स्थान घसरून परिघावर ढकलले जाणे, अन्नाची शाश्वती संपणे, आजार आणि मृत्यू वाढणे, गायरान, जंगल व पाणवठे यांसारख्या सामाईक साधनांना मुकणे आणि नात्यागोत्यांची, देवाणघेवाणीची वीण उसवणे. नुकसानभरपाईचा हिशेब सहसा पहिल्या आणि तिसऱ्या जोखमीपाशी, म्हणजे जमीन आणि घर यांपाशी थांबतो. उरलेल्या जोखमी कागदावर आणण्यासाठी समाजशास्त्रज्ञाची गरज असते, कारण त्यांना सातबारा नसतो.

अशी चौकट उपलब्ध असूनही नर्मदेवरील सरदार सरोवर प्रकल्पात काय घडले, हे महाराष्ट्राला जवळून माहीत आहे. राज्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा या, आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या तालुक्यांतील ३३ गावे बुडीत क्षेत्रात येत होती, आणि त्यांच्या पुनर्वसनावर देखरेख ठेवण्याचे व त्याचे मूल्यमापन करण्याचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. प्रकल्पाला १९८५ मध्ये कर्ज मंजूर करणाऱ्या जागतिक बँकेने ब्रॅडफर्ड मॉर्स यांच्या अध्यक्षतेखाली जी स्वतंत्र समिती नेमली, तिने १९९२ च्या अहवालात पुनर्वसनाच्या आणि पर्यावरणाच्या पूर्वअभ्यासांतील गंभीर त्रुटी दाखवल्या, आणि १९९३ मध्ये कर्जाचा उरलेला भाग भारताने नाकारला. विस्थापनाचे धोरण लिहिणारी संस्थाच स्वतःच्या प्रकल्पात ते पाळू शकली नाही, कारण बाधित कुटुंबांची पुरेशी माहिती जमा होण्याआधीच कर्ज मंजूर झाले होते. समाजशास्त्रज्ञाचे ज्ञान कितीही सखोल असले, तरी वेळापत्रकात त्याचे स्थान शेवटी असेल तर ते निष्प्रभ ठरते, हा निष्कर्ष कोयना आणि नर्मदा या दोन्ही खोऱ्यांतून सारखाच निघतो.

२०१३ च्या भूसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत कायद्याने ही चूक दुरुस्त करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या या कायद्यात भूसंपादनाची अधिसूचना काढण्यापूर्वी सामाजिक प्रभाव मूल्यांकन बंधनकारक करण्यात आले. हे मूल्यांकन म्हणजे प्रकल्प खरोखर सार्वजनिक हिताचा आहे का, त्याहून कमी जमिनीत तो होऊ शकतो का, पर्यायी जागा तपासली का आणि किती कुटुंबांवर कोणता परिणाम होईल, यांचा ग्रामपंचायतीशी विचारविनिमय करून व बाधित क्षेत्रात जनसुनावणी घेऊन केलेला अभ्यास. तो सहा महिन्यांत पूर्ण करायचा असतो, त्याचा अहवाल स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यायचा असतो, आणि त्यानंतर ज्यात दोन अशासकीय समाजवैज्ञानिक असावेत असा तज्ज्ञगट दोन महिन्यांत त्यावर मत देतो. हा गट प्रकल्प सोडून द्यावा असे म्हणाला, तरी शासन पुढे जाऊ शकते, पण त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात.

या कायद्याच्या व्याख्या वाचल्या की समाजशास्त्रज्ञाचे काम किती बारकाईचे आहे, ते कळते. बाधित कुटुंबांत केवळ जमीनमालक येत नाहीत. ज्यांची उपजीविका त्या जमिनीवर संपादनाच्या आधीची तीन वर्षे अवलंबून आहे, असे शेतमजूर, कुळे, वाटेकरी आणि कारागीरही त्यात मोडतात. विधवा, घटस्फोटित आणि कुटुंबाने टाकून दिलेल्या स्त्रिया यांना स्वतंत्र कुटुंब मानले जाते. आता ज्या चमूच्या प्रश्नावलीत ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ असा एकच रकाना आहे आणि ज्या चमूने चावडीवर बसून तलाठ्याच्या नोंदींवरून यादी केली आहे, त्याच्या हाती यांपैकी किती माणसे लागतील, याचा विचार व्हावा. माहेरी परत येऊन भावाच्या घराच्या पडवीत वेगळी चूल मांडलेली परित्यक्ता या यादीत भावाच्या कुटुंबात मोजली जाते आणि कायद्याने दिलेला तिचा हक्क रकान्याअभावी नाहीसा होतो. बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यांच्या गावांत जानेवारीत सर्वेक्षण केले, तर उचल घेऊन ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांच्या दारांना कुलूप असते, आणि अर्जावर ‘बंद घर’ एवढीच नोंद होते. कसलेला समाजशास्त्रज्ञ अशा गावात हंगाम संपल्यावर पुन्हा जातो, दलित वस्तीची बैठक देवळाच्या पारावर न घेता वस्तीत घेतो, स्त्रियांशी वेगळे बोलतो, गावकऱ्यांबरोबर शिवारफेरी काढून गायरान, पाणवठा, स्मशान, गुरांची वाट आणि वहिवाटीचे रस्ते नोंदवतो, आणि गावानेच जमिनीवर रांगोळीने काढलेला नकाशा मोजणीच्या नकाशाशी ताडून पाहतो. सहभागी ग्रामीण मूल्यांकन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धती खर्चिक नाहीत. त्यांना वेळ लागतो, आणि वेळच कंत्राटात नसतो.

पर्यावरणीय मंजुरीसाठी घेतल्या जाणाऱ्या जनसुनावणीची स्थिती याहून चिंताजनक आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत आयोजित होते, तिच्यासाठी ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो, कामकाजाचे चित्रीकरण होते आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असते. या तरतुदी चांगल्या आहेत. परंतु लोकांना स्थानिक भाषेत मिळतो तो अहवालाचा सारांश, सविस्तर अहवाल बहुतेकदा इंग्रजीतच राहतो. सुनावणीच्या मंडळात समाजवैज्ञानिकाला जागा नाही. आणि सुनावणी सुरू करण्यासाठी कोणतीही गणपूर्ती आवश्यक नाही, असे अधिसूचनेतच नमूद आहे. याच महाराष्ट्रात ग्रामसभेच्या साध्या ठरावासाठी गावातील १५ टक्के किंवा १०० मतदारांची उपस्थिती लागते. गावातील दिवाबत्तीच्या ठरावाला गणपूर्ती हवी आणि गावाची नदी, हवा व शेती ज्यावर अवलंबून आहे त्या निर्णयाच्या सुनावणीला ती नको, ही विसंगती कोणत्याही प्रशासकाला अस्वस्थ करील अशीच आहे.

नेमणुकीच्या प्रश्नावरही भूसंपादनाचा कायदा आणि पर्यावरणीय मंजुरीची अधिसूचना परस्परविरुद्ध दिशांना जातात. सामाजिक प्रभाव मूल्यांकनाच्या २०१४ च्या केंद्रीय नियमांत ज्या संस्थेसाठी जमीन घेतली जात आहे तिने अभ्यासकांची निवड करण्यात भाग घेऊ नये, चमूत किमान एक स्त्री असावी आणि हितसंबंधांचा संघर्ष टाळावा, ही तत्त्वे मान्य केली आहेत. पर्यावरणीय अहवालाच्या बाबतीत मात्र सल्लागार संस्थेची निवड आणि तिचे मानधन दोन्ही प्रकल्पधारकाकडेच असतात. संस्थेला अधिस्वीकृती घ्यावी लागते आणि सामाजिक-आर्थिक विषयाचा तज्ज्ञ तिच्याकडे असावा लागतो, पण अहवाल प्रतिकूल निघाला तर पुढचे काम मिळणार नाही, ही भीती अधिस्वीकृतीने दूर होत नाही. अशा संस्थेत काम करणाऱ्या तरुण समाजशास्त्रज्ञापुढे दोनच मार्ग उरतात. गावाने ठाम विरोध केला असेल, तर तो जसाच्या तसा लिहून पुढील कंत्राटाला मुकावे, किंवा ‘काही ग्रामस्थांनी शंका उपस्थित केल्या व त्यांचे निरसन करण्यात आले’ असे वाक्य लिहून आपल्या विद्येशी बेइमानी करावी. हा दोष एकेका व्यक्तीच्या चारित्र्याचा मानला तर उपाय सापडत नाही. तो व्यवस्थेचा आहे, आणि व्यवस्था बदलता येते.

अमेरिकेत नागरी पुनर्विकासाच्या कार्यक्रमांचा अनुभव असलेल्या शेरी अर्नस्टाईन यांनी १९६९ मध्ये नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, ती या संदर्भात आजही मार्गदर्शक आहे. तिच्या तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना हाताळले जाते किंवा समजूत घालून शांत केले जाते. मधल्या तीन पायऱ्यांवर त्यांना माहिती दिली जाते, त्यांचे मत विचारले जाते आणि एखाद्या समितीत जागा देऊन त्यांचे समाधान केले जाते. आणि फक्त वरच्या तीन पायऱ्यांवर भागीदारी, सोपवलेला अधिकार व नागरिकांचे नियंत्रण येते. आपल्या जनसुनावण्या या शिडीवर कोठे बसतात, हे ठरवण्यासाठी संशोधन लागत नाही. मत विचारले जाते, नोंदवले जाते, आणि त्या मताचे काय झाले हे गावाला परत येऊन कोणी सांगत नाही.

वरच्या पायऱ्या आपल्याकडे अशक्य आहेत, असेही नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड आदिवासी गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि त्यामागे ग्रामसभेने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची दीर्घ तयारी होती. देवाजी तोफा यांच्यासारख्या गावातल्याच नेतृत्वाबरोबर मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याने तेथे अभ्यासगटांची पद्धत रुजवली; या गटांत कायदे, जंगल आणि हिशेब यांचा अभ्यास होत असे, पण निर्णय अभ्यासगटात न होता ग्रामसभेतच होत असे. समुदाय विकासाच्या सल्लागाराने आपली मर्यादा कोठे ओळखावी, याचा याहून चांगला वस्तुपाठ पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. शहरी भागात पुणे महानगरपालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्यास सुरुवात केली, आणि गोव्यात लोकांच्या तीव्र विरोधानंतर २००७ मध्ये प्रादेशिक आराखडा रद्द करावा लागल्यावर नव्या आराखड्यासाठी गावपातळीवर सूचना मागवण्यात आल्या. या प्रयत्नांच्या मर्यादा आहेत, तरी त्यांतून एवढे सिद्ध होते की नकाशा आणि अंदाजपत्रक समजून घेणे लोकांच्या आवाक्याबाहेरचे नाही.

या सगळ्यावर प्रशासनाचा नेहमीचा आक्षेप असतो तो विलंबाचा, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण रखडलेल्या प्रकल्पाचा खर्चही अखेर जनतेच्याच पैशातून भागतो. परंतु कायद्याने सामाजिक अभ्यासासाठी आणि तज्ज्ञगटाच्या मतासाठी दिलेला एकूण कालावधी आठ महिन्यांचा आहे, आणि हे आठ महिने न दिल्याने कोयनेच्या विस्थापितांचा प्रश्न साठ वर्षे मिटलेला नाही. त्यामुळे महाराष्ट्राने २०१८ मध्ये राज्य दुरुस्ती करून औद्योगिक मार्गिका, पायाभूत सुविधा, परवडणारी घरे यांसारख्या प्रवर्गांतील प्रकल्पांना सामाजिक प्रभाव मूल्यांकनातून सूट देण्याची वाट मोकळी केली, हा निर्णय काळाच्या हिशेबानेही फायद्याचा वाटत नाही. ज्या राज्याने पुनर्वसनाच्या कायद्यात देशाला वाट दाखवली, त्याने सामाजिक अभ्यासाला अडथळा मानावे, हे त्याच्या परंपरेला धरून नाही.

म्हणून राज्याच्या प्रशासनाने काही गोष्टी कराव्यात, अशी या पत्राद्वारे विनंती आहे, आणि त्यांतील बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरेसा आहे. पहिली गोष्ट, राज्याची महामंडळे जेथे स्वतः प्रकल्पधारक आहेत, तेथे भूसंपादन असो वा पर्यावरणीय मंजुरी, सामाजिक अभ्यासाचे मानधन एका स्वतंत्र निधीत जमा व्हावे, आणि अभ्यासकांची निवड विद्यापीठांच्या समाजशास्त्र व समाजकार्य विभागांच्या सहभागाने केलेल्या राज्यस्तरीय सूचीतून व्हावी, त्यात संबंधित महामंडळाचा हात नसावा. दुसरी गोष्ट, २०१८ च्या दुरुस्तीने दिलेली सूट ही मुभा आहे, बंधन नाही. म्हणून ज्या प्रकल्पात वस्ती हलणार आहे, तेथे ती वापरू नये, आणि रस्त्याची आखणी किंवा जलाशयाची पातळी निश्चित होण्याआधीच सामाजिक अभ्यास सुरू व्हावा.

तिसरी गोष्ट, प्रत्येक सामाजिक अहवाल अंतिम होण्यापूर्वी ग्रामसभेपुढे परत यावा. तो पूर्णपणे मराठीत असावा, आणि जेथे लोकांच्या तोंडी पावरी, भिलोरी, गोंडी किंवा कोरकू आहे, तेथे तो त्या भाषेत वाचून समजावला जावा. गावाने घेतलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर मिळावे, आणि ते उत्तर ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहावे. जनसुनावणीला केंद्राच्या अधिसूचनेत गणपूर्ती नसली, तरी सुनावणीपूर्वी महिला ग्रामसभा व ग्रामसभा घेऊन त्यांचे ठराव सुनावणीच्या कागदपत्रांत जोडण्यापासून राज्याला कोणी रोखलेले नाही. चौथी गोष्ट, जिल्हाधिकारी कार्यालयांच्या पुनर्वसन शाखेत समाजशास्त्राचे स्थायी पद निर्माण करावे, कारण पुनर्वसन हे नवे गावठाण आखून संपत नाही, आणि नव्या जागी शाळा, पाणी, रोजगार व सोयरीक रुळली की नाही हे पाहण्यासाठी पहिल्या, पाचव्या आणि दहाव्या वर्षी परत जाणारा माणूस कंत्राटी असून चालत नाही. प्रकल्प संपताच सल्लागाराची नेमणूक संपते आणि त्याच्याबरोबर गावाविषयीचे ज्ञानही निघून जाते, ही हानी राज्याने किती काळ सोसायची, याचा विचार व्हावा.

या मागण्यांबरोबर समाजशास्त्राच्या व्यवसायालाही आपली शिस्त पाळावी लागेल, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. मानधन कोणाकडून मिळाले हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिणे, संमतीपत्रे गोळा करण्याचे काम न स्वीकारणे, कोणत्या वस्तीत गेलो आणि कोणत्या वस्तीत जाऊ शकलो नाही हे उघड सांगणे, आणि गावाचा नकार सौम्य शब्दांत बुडवून न टाकणे, ही किमान नीती विद्यापीठांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमातच शिकवली पाहिजे. जो अभ्यासक ही नीती पाळतो, तो प्रकल्पाचा शत्रू नसतो. नंतर न्यायालयात किंवा रस्त्यावर कळणार असलेली गोष्ट तो शासनाला वेळेवर, कमी खर्चात आणि शांतपणे सांगत असतो.

लोकांना विचारायचे असेल, तर ‘नाही’ हे उत्तरही मिळू शकते, हे गृहीत धरून विचारले पाहिजे. ते उत्तर न बदलता मंत्रालयापर्यंत आणणाऱ्या समाजशास्त्रज्ञाच्या नेमणुकीला राज्याच्या मुख्य सचिवांनी संरक्षण द्यावे, आणि त्याला आराखड्याच्या आधी गावात पाठवावे, ही या पत्राची मागणी आहे.